जातानाची पावलं

"मी आयुष्यभर चालले आणि पोचले कुठेच नाही, त्याचं काही नाही, पण हे पाय अजून थकत कसे नाहीत, याची मला भीती वाटते," असं ती एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती ध्वनिमुद्रकाला. त्याला स्टुडिओत सगळे 'बटण' म्हणत, कारण त्याचं बोट कायम कुठल्या ना कुठल्या बटणावर असे. त्यानं आपलं विचारायचं म्हणून विचारलं होतं, वहिनी, दमलात का? तिचं उत्तर ऐकून तो कपात लिंबू पिळता पिळता थांबला. "वहिनी, काळा चहा पितो म्हणून बरं. दुधाचा असता तर तुमच्या बोलण्यानंच फाटला असता."

ती हसली. तिचे पाय मात्र टेबलाखाली हलतच होते.

तिचा धंदा पावलांचा. चित्रपटात जी पावलं ऐकू येतात, ती पडद्यावरच्या माणसांची नसतात. चित्रीकरणाच्या वेळी सगळ्यांचं लक्ष बोलण्याकडे. पायांकडे बघायला वेळ कुणाला? पावलं मागाहून घालतात, कोट शिवून झाल्यावर अस्तर लावावं तशी. त्यासाठी एक बंद खोली असते. एका भिंतीवर पडदा. पडद्यासमोर जमिनीत चौकोनी खड्डे. एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात वाळका पाला. खड्डे सोडले तर बाकी खोलीभर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, जाड गालिचा, म्हणजे नको तो आवाज होऊ नये. पडद्यावर बाई चालू लागली की ही त्या त्या खड्ड्यात उभी राहून, तसल्याच चपला-बूट घालून, जागच्या जागी चालायची. पडद्यावरच्या बाईच्या पायांकडे ती कधी बघत नसे. पाय फसवतात. ती खांद्यांकडे बघायची. खांदा कळला की पाऊल आपोआप पडतं.

स्टुडिओत तिच्या माघारी तिला 'टाच' म्हणत. तिला ते माहीत होतं. वाईट नाव नव्हतं; कुणाकुणाची याहून वाईट होती.

या धंद्यात ती आली नवऱ्यामुळे. नवरा म्हणजे मास्तर. पूर्वी पावलं तोच करायचा, पुरुषांची आणि बायकांचीही. बायकांच्या उंच टाचांच्या चपला मागून कापून त्यात तो आपले रुंद पाय कोंबायचा. त्या काळातल्या साऱ्या नायिका, राजकन्या असो की मोलकरीण, एका दाढीवाल्या माणसाच्या पायांनी चालल्या, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मास्तरचं शास्त्र सोपं होतं. "बाई म्हणजे बाई. टक टक टक. घाबरली तर जरा भरभर, रुसली तर जरा जोरात. संपलं."

मग मास्तरचा गुडघा गेला. ती तेव्हा रोज दुपारी त्याचा डबा घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत दाराशी उभी राहायची. एक दिवस घास तोंडात असतानाच तो म्हणाला, "अगं, ये जरा. उभी राहा त्या फरशीवर. तो पडदा बघ आणि चाल." ती चालली, आणि नंतर चालतच राहिली. पोटात मुलगा होता त्या हंगामातल्या सगळ्या नायिका जरा जडच चालल्या. सासू गेली त्या महिन्यात एका विनोदी चित्रपटातली खट्याळ पोर उगाचच रेंगाळत जिना उतरली. बघणाऱ्यांना कळलं नाही. मास्तरलाही नाही. तो आता काचेपलीकडे बटणशेजारी खुर्चीत पाय लांब करून बसायचा, सूचना द्यायचा, आणि चित्रपटाच्या शेवटी 'पावलं' या शब्दापुढे त्याचंच नाव यायचं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. नाव वाचायला थांबतो कोण? माणसं तोवर खुर्चीखाली चप्पल शोधत असतात.

तक्रार होती ती वेगळीच, आणि ती तिला धड मांडता येत नव्हती. घरी आली की तिला बसवत नसे. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. पांघरुणाखालीही पाय चालायचे. मास्तर म्हणायचा, "झोप की गं, पायाला काय भिंगरी लावलीय?" भिंगरी निदान फिरते तरी. हिचे पाय नुसते हलत होते.

याच दिवसांत तो पाचजणींचा चित्रपट आला.

दिग्दर्शिका तरुण होती. डोक्यावर बारीक कापलेले केस, आवाज हळू, पण एकदा म्हटलेलं मागे घ्यायची सवय नाही. चित्रपटात एका घराच्या माडीवर पाच बायका राहतात: एक वकील, एक चांगली जाडजूड नाच शिकवणारी, एक दूरदेशाहून आलेली परिचारिका, एक म्हातारी, आणि एक लंगडी शिवणकाम करणारी मुलगी. प्रत्येक जण कुणाचं तरी घर सोडून आलेली. लंगडी तेवढी अजून आपल्या भावाच्या घरी आहे. माडीवर ती फक्त कामाला येते. शेवटच्या प्रसंगात ती भावाचं घर सोडते.

"मला पाचजणी पाच हव्यात," दिग्दर्शिका म्हणाली. "डोळे मिटले तरी कोण आली ते कळायला हवं."

"मॅडम, पाय प्रत्येकीला दोनच असतात," मास्तर म्हणाला.

"मास्तर, तुमचा तर सध्या एकच चालतो," बटण म्हणाला, आणि मास्तर सोडून सगळे हसले.

ती हसली नाही. डोळे मिटून कोण आली ते सांगायचं, हा तिचा लहानपणीचा खेळ होता.

तिचं लहानपण तळघरातल्या एका खोलीत गेलं. आई कोटांना अस्तरं शिवायची. खोलीला एकच खिडकी, छताला लागून, आणि ती बाहेर रस्त्याच्या पातळीवर उघडायची. खिडकीतून दिसायचे ते फक्त पाय. ती आणि तिची ताई, दोघी अंथरुणावर पडून डोळे मिटून सांगायच्या: हा पोस्टमन, ही वरच्या मजल्यावरची भांडकुदळ, हा नवीन आहे, याच्या बुटात पाणी गेलंय. ती क्वचितच चुकायची. ताईही रोज त्याच खिडकीवरून यायची-जायची. लहानपणीच्या आजारात ताईचा एक पाय आखूड राहिला होता. मोच्यानं तिच्या एका बुटाला जाड तळवा चढवून दिला होता. पण ताई पाय ओढायची नाही. एक पाऊल पुरतं पडायचं आणि दुसरं जरा लवकर यायचं, समोरच्याचं वाक्य मध्येच तोडून बोलणाऱ्या माणसासारखं. ताई बोलायचीही तशीच. संध्याकाळी तो आवाज लांबून आला की आई शिवण बाजूला ठेवून म्हणायची, "आली गं बाई एकदाची."

मग एक दिवस जेवणं झाल्यावर ताई दोरा आणायला म्हणून बाहेर पडली. आई म्हणाली, "येताना सुया पण आण." ताई परत आली नाही. तिच्यासाठी एक स्थळ ठरत होतं, पन्नाशीतला बिजवर. "लंगडीला याहून कोण मिळणार" असं सगळे म्हणत होते. पुढे पुष्कळ दिवसांनी कुठूनशी बातमी आली, की ती कुठल्याशा गावात शिवणाचं दुकान चालवते आणि मजेत आहे. मजेत आहे हेच आईला जास्त लागलं.

चार बायकांची पावलं तिनं हा हा म्हणता केली. वकीलबाईची टाच आधी पडायची, जणू प्रत्येक पायरीवर एक मुद्दा मांडून ठेवतेय. नाच शिकवणारीसाठी तिनं पातळ तळव्यांच्या सपाता घातल्या आणि इतकी हलकी चालली की मास्तर काचेआडून ओरडला, "अगं, ती केवढी आहे बघ तरी! वजन घाल, वजन!" दिग्दर्शिकेनं हात वर करून त्याला थांबवलं. "नको. बरोबर आहे." परदेशी परिचारिका माडीवर पहिल्यांदा आली तेव्हा दुसऱ्याच्या घरातल्या धुतलेल्या फरशीवरून जावं तशी चालली, आणि शेवटी शेवटी आपल्याच घरात असावी तशी. म्हातारीसाठी तर काही करावंच लागलं नाही. "ती मीच," ती म्हणाली.

लंगडीचं काम ती पुढे पुढे ढकलत राहिली. होता होता एक सकाळ आली, तेव्हा करायला दुसरं काही उरलं नव्हतं.

तिनं मांडणीवरून बुटांचा एक जोड काढला, एकाच्या तळाला चामड्याचा जाड तुकडा बांधला, आणि फळ्यांच्या खड्ड्यात उभी राहिली. पडद्यावर ती मुलगी भावाच्या घरातल्या लांब बोळातून दाराकडे निघाली. पाठमोरी. बटणनं खूण केली, दारावरचा लाल दिवा लागला.

ती चालली. एक पाऊल पुरतं, दुसरं जरा लवकर. इतक्या वर्षांनी पाय आपणहून त्या तालावर पडले. ताई आली होती. अगदी ताईच.

दिवा विझला. मास्तरनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "लंगडी आहे की नाचतेय? अगं, लंगडं माणूस पाय ओढतं. ठप्, घस्स. ठप्, घस्स. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे."

"पाणी नकोय मला," दिग्दर्शिका म्हणाली. "लंगडणं अगदी असंच हवं होतं. पण काकू..." ती अडखळली. "राग मानू नका. ही परत येणार आहे असं वाटतं."

"म्हणजे?"

"म्हणजे कोपऱ्यावर जाऊन येईल. घर सोडून चाललीय असं नाही वाटत."

तिनं पुन्हा केलं. भरभर केलं, सावकाश केलं. मास्तरच्या सांगण्यावरून एकदा पाय आपटूनही केलं, तेव्हा बटण म्हणाला, "वहिनी, ही घर सोडत नाहीये, घर पाडतेय." बूट बदलले, फळ्या बदलल्या. प्रत्येक वेळी दिग्दर्शिका डोळे मिटून ऐकायची, आणि प्रत्येक वेळी मान हलायची. "येतेय. ही येतेय."

आणि मग खड्ड्यात उभ्या उभ्याच तिला ते कळलं. दिग्दर्शिका पोरगी खरं तेच सांगत होती. जी पावलं तिला पाठ होती ती ताईची येतानाची होती. संध्याकाळची. तळघरात सगळे वाट बघायचे ती येण्याची. कान लागलेले असायचे ते येण्याकडे. सकाळी ताई जायची तेव्हा कुणी चहा गाळत असे, कुणी वेणी घालत असे. आणि त्या शेवटच्या दुपारी ताई खिडकीवरून गेली तेव्हा ती स्वतः अंथरुणावर पालथी पडून चित्र रंगवत होती. दोरा आणायला चाललीय, त्यात ऐकायचं काय? जातानाची पावलं तिनं कधी ऐकलीच नव्हती. नसलेली गोष्ट पायांत येणार कुठून?

आणि स्वतःचं म्हणावं तर ती स्वतः तरी कधी कुठून गेली होती? डबा घेऊन आली होती. आल्यावर राहिली होती.

"जरा थांबू या," दिग्दर्शिका म्हणाली. ती काचेचं दार उघडून आत आली, खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली. "काकू, एक सुचवू? मी आज दुपारी त्या घराकडे निघतेय, जिथं चित्रीकरण झालं. जिन्याचे, दारांचे आवाज घ्यायचेत. पुढच्या चित्रपटाचं सगळं कामही तिकडेच आहे. तुम्ही चला माझ्याबरोबर. हे पाऊल त्याच बोळात करू. महिना, दोन महिने राहावं लागेल. पुढचं काम मला तुमच्याकडूनच करून घ्यायचंय."

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तरचा आवाज आला. त्याच्या पुढ्यातला माइक चालू होता, म्हणून तो छतातून आल्यासारखा आला.

"ती कुठं जाते मॅडम! तिला गाडी लागते."

लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात तिला बसमध्ये एकदा उलटी झाली होती. दुपारची शिळी भाजी बाधली होती, बाकी काही नाही. पण तेव्हापासून "हिला गाडी लागते" हे घरात ठरून गेलं, जसं "हिला कडू चालत नाही" किंवा "हिला देवाण-घेवाण कळत नाही" ठरलं. तिनं खोडलं नाही. मग तीही तेच सांगू लागली. नंतर खरोखरच गाडीचा वास आला की तिला मळमळायला लागलं.

"आणि आता तिला कशाला दगदग?" मास्तर पुढे बोलत होता. त्याचा आवाज प्रेमळ होता. हे नंतर आठवताना तिला सगळ्यात जास्त छळणार होतं. "स्टुडिओच्या मालकांशी माझं बोलणं झालंय. इतक्या वर्षांची तिची सगळी पावलं मी जपून ठेवलीत, निवडून, नावं घालून. बाई चिडलेली. बाई घाबरलेली. बाई, गरीब, अनवाणी. बाई, म्हातारी. पुढं कुठलाही चित्रपट आला तरी त्यातून काढायचं आणि लावायचं. तिनं आता घरी आराम करायचा. खूप चालली बिचारी."

"मला नाही बोललात," ती म्हणाली.

"अगं, सांगणारच होतो. हे एवढं काम झालं की सांगणार होतो. तुझ्याच पायांसाठी करतोय ना मी?"

"माझे पाय काय म्हणाले तुम्हांला?"

बटण खाली बघू लागला. मास्तर हसला, भांडण नको असलेल्या माणसासारखं. "हे बघा मॅडम, लंगडीचंसुद्धा एक जुनं आहे माझ्याकडे. 'बाई, लंगडी, दुःखी.' ऐकवतो. उगाच हिला कशाला..."

त्यानं ऐकवलं. अंधाऱ्या खोलीत पडद्यावरची मुलगी पुन्हा बोळातून निघाली, आणि ठप्, घस्स. ठप्, घस्स. तिचेच पाय होते. कुठल्या वर्षीचे, कुठल्या चित्रपटातले, तिला आठवेना. ती खड्ड्यात स्तब्ध उभी होती आणि तिचे पाय तिच्याशिवाय चालत होते. मास्तर सांगेल तसे, मास्तर म्हणेल तितके दुःखी. ती मेली तरी ते असेच चालणार होते. एखादी पोर कुठंतरी रुसून निघेल, आणि तिच्या पायांखाली ही असेल, परत यायच्या तयारीत.

"नको," दिग्दर्शिका म्हणाली. "हे नको. त्यापेक्षा आवाज नसलेला बरा."

"आवाजच नाही तर मग आपण इथं बसलोय कशाला?" मास्तर म्हणाला. "अगं, तू तरी सांग यांना. शेवटचं एकदा कर बघू. चांगलं ओढून. ही तुझी शेवटचीच पावलं म्हण."

बटणनं तिच्याकडे पाहिलं. तयार का, असं विचारण्यासाठी त्यानं अंगठा अर्धवट वर केला होता.

ती खाली वाकली. तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या. चामड्याचा तुकडा सुटा केला आणि खड्ड्याच्या काठावर ठेवला. दोन्ही बूट मांडणीवर नेऊन शेजारी शेजारी लावले, टाचेला टाच. मांडणीखाली तिच्या स्वतःच्या चपला होत्या, घरून येताना घातलेल्या, अंगठ्याशी झिजलेल्या. त्या तिनं पायांत सरकवल्या. पिशवी खांद्याला लावली. मग काचेचं दार उघडून ती पलीकडे आली. मास्तरनं पाय जरा आखडून तिला वाट दिली. बटणच्या बशीत एक आख्खं लिंबू होतं. ते तिनं उचललं, नाकाशी नेलं, आणि पिशवीत टाकलं.

"अहो वहिनी, माझा चहा..." बटण म्हणाला.

दिग्दर्शिका उठून उभी राहिली होती. तिनं गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली होती.

"खाली जातेयस का?" मास्तर म्हणाला. त्याची नजर पडद्यावर होती. तिथे ती मुलगी दाराशी अडकून थांबली होती, एक हात कडीवर. "मग येताना माझ्या गुडघ्याचं मलम घेऊन ये."

ती थांबली. क्षणभरच. तिच्या चेहऱ्याकडे बटण तेवढा बघत होता. तिथे राग नव्हता. काहीतरी कानावर पडावं आणि ते कशाचं आहे हे ओळखायला माणूस डोळे मिटतो, तसे तिचे डोळे मिटले आणि उघडले.

मग ती काचेच्या दारातून परत खड्ड्यांच्या खोलीत आली आणि बाहेरच्या मोठ्या दाराकडे निघाली. बटणचं बोट सवयीनं खाली गेलं आणि लाल दिवा लागला. आवाज मोजणारा काटा शून्यावर होता. ती खड्ड्यांच्या कडेनं, वाळू, खडी, फरशी, फळ्या, पाला ओलांडून गालिच्यावरून चालत गेली, आणि काटा शून्यावरच राहिला. मोठं दार तिनं खांद्यानं ढकललं आणि ती बाहेर पडली.